रस्त्याआधीचं उत्खनन: सहा आठवड्यांचे चार महिने का होतात

तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुम्ही बायपासच्या कामावर साईट इंजिनियर आहात, पट्ट्यातली झाडंझुडपं काढून झालीयेत, आणि पुरातत्त्वाच्या टीमने मधला एक तुकडा अडवून ठेवलाय. आधी सहा आठवडे म्हणाले, आता चार महिने म्हणतायत. वरची माती त्यांनी स्वतःच पोकलेन लावून काढली आणि मग हातभर रुंदीच्या एका काळ्या डागापाशी दोन माणसं अर्धा दिवस गुडघ्यांवर बसून होती. सोनं नाही, मूर्ती नाही, साधी भिंतसुद्धा नाही. तर तुमचे प्रश्न असे की जीपीआर (जमिनीखालचं दाखवणारं रडार) मारून हे काम का भागत नाही, मशीन एका थराला चालतं तर पुढे का चालत नाही, आणि शेवटी रस्ता त्याच जागेवरून जाणार असेल तर या सगळ्याचा उपयोग काय.

मी गेली वीसेक वर्षं हेच काम करतेय, रस्ते, पाइपलाइन, रेल्वेचे पट्टे, म्हणजे जिथे पुढे मशीनं उभी आहेत आणि मागे तारीख आहे अशा जागा. तुमचा वैताग मला समजतो आणि तो खोटा नाहीये. पण तुमची खरी अडचण चार महिने ही नाहीच. चार महिने आधीपासून माहीत असते तर तुम्ही कामाचा क्रम वेगळा लावला असता, तो तुकडा शेवटी ठेवला असता, तुमचं एक मशीनही रिकामं उभं राहिलं नसतं. अडचण ही आहे की तो सहा आठवड्यांचा आकडा जमिनीखाली काय आहे ते कुणी बघायच्या आधी दिला गेला. हे मी जवळपास खात्रीने सांगते, कारण असे आकडे मीही सुरुवातीच्या वर्षांत दिलेत आणि नंतर मीटिंगमध्ये मान खाली घालून बसलेय.

आता कशावर काय अवलंबून असतं ते आधीच सांगून टाकते. माती कुठली आहे, चिकण की वाळूची की नदीने आणून टाकलेली. अवशेष किती खोल आहेत. एकाच काळाची वस्ती आहे की एकावर एक सात-आठ थर बसलेत. पाण्याखालचा भाग आहे का, कारण ओल्या जागेत लाकूड, चामडं, दोर असलं काहीही टिकतं आणि ते बाहेर काढून टिकवणं हे फार हळू काम आहे. माणसांची दफनं आहेत का. पाऊस कधी येणार. आणि तुमच्याकडे कायदा काय म्हणतो. या सगळ्याची उत्तरं मला माहीत नाहीत, त्यामुळे तुमच्या साईटला चार महिने योग्य आहेत की तीन हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण ते कशात जातात ते सांगू शकते.

जीपीआरपासून सुरुवात करू, कारण हा प्रश्न प्रत्येक कामावर येतो. जीपीआर म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडायच्या आणि परत काय येतं ते बघायचं. कोरड्या वाळूच्या जमिनीत दगडी पाया असेल तर चित्र फार सुंदर मिळतं. ओल्या चिकणमातीत त्या लहरी वरच्या वर विरून जातात, अर्धा मीटर खालचंसुद्धा धड दिसत नाही. मॅग्नेटोमीटरची, म्हणजे जमिनीतल्या चुंबकत्वाचे बारीक फरक मोजणाऱ्या यंत्राची, गोष्ट वेगळी, त्याला भाजलेली माती, भट्ट्या, चुली, भरून गेलेले मोठे चर हे चांगले कळतात, पण खाली ज्वालामुखीचा खडक असेल तर खडकच इतका गोंगाट करतो की काही समजत नाही, आणि शेजारी लोखंडी पाइप किंवा तारेचं कुंपण असेल तरी तेच. शिवाय आपण ओळी मारतो साधारण मीटरभर अंतराने आणि ज्याच्यासाठी आपण आलोय तो खांबाचा खळगा असतो तीस-पस्तीस सेंटिमीटरचा. अख्ख्या घराचे खळगे ओळींच्या मधल्या जागांत निसटू शकतात, खरंच निसटू शकतात. आणि समजा सगळं दिसलं तरी ते कुठल्या काळातलं आहे हे यंत्र सांगत नाही, तिथे एक चर दिसतो एवढंच सांगतं, तो तीन हजार वर्षांपूर्वीचा की कुणाच्या आजोबांनी काढलेला ते खणल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी जिओफिजिक्स, म्हणजे अशा यंत्रांचं सर्वेक्षण, नेहमी करायला लावते, पण त्याच्या एकट्यावर कधी विसंबत नाही. मला एकदा फार महागात पडलंय. नदीकाठचा एक पट्टा होता, सर्वेक्षणात अगदी स्वच्छ आला, काहीही नाही, आणि मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलं. नंतर मोरीच्या पायासाठी खड्डा घेतला तेव्हा दीड मीटर गाळाखाली वस्तीची जमीन निघाली, चुली, खापरं, राख, सगळं. नदीने वरून गाळ पसरून झाकून टाकलं होतं आणि आमचं यंत्र त्या गाळातच अडकलं होतं. तेव्हापासून नदीच्या जवळ असेन तर मी आधी हाताने किंवा मशीनने बोअर घेऊन गाळ किती जाड आहे ते बघते आणि मगच कुठलं यंत्र न्यायचं ते ठरवते.

खरं उत्तर मिळतं ते चाचणी चरांमधून. पट्ट्यावर ठराविक अंतराने दीड-दोन मीटर रुंदीचे लांब चर घ्यायचे, कुठे 2 टक्के, कुठे 5, फ्रान्ससारख्या ठिकाणी 10 टक्क्यांपर्यंत क्षेत्रफळ उघडतात. हे काम लवकर होतं, दिवसाला बरेच चर होतात. आणि त्यातून दोन गोष्टी कळतात, काय आहे आणि ते किती दाट आहे. दाट किती हे कळलं की वेळेचा हिशोब करता येतो, त्याच्याआधी केलेला हिशोब म्हणजे अंदाज. हे चर जमीन ताब्यात आल्या आल्या, खरं तर अलाइनमेंट (रस्त्याची आखणी) पक्की व्हायच्याही आधी जमीनमालकाच्या परवानगीने घ्यायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते शेवटी घेतले जातात, मशीनं येऊन उभी राहिल्यावर, आणि मग सगळ्यांचा जीव जातो.

लवकर घेतले तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे आयर्लंडमधलं वूड्सटाउन. वॉटरफर्ड शहराच्या बायपाससाठी 2003 मध्ये चाचणी चर घेतले तर नदीकाठी व्हायकिंगांची वस्ती सापडली. अलाइनमेंट बदलता येत होतं, बदललं, रस्ता दुसरीकडून गेला आणि ती वस्ती बहुतांश न खणता जमिनीत राहिली. माझ्या मते या कामातला सगळ्यात चांगला शेवट तोच असतो. खणणं हा आमचा पहिला पर्याय नाहीच, हे लोकांना आश्चर्याचं वाटतं. रस्ता वीस मीटर सरकला तर सरकवा, कटिंगच्या जागी भराव करता आला तर करा, मोरीची जागा बदला, आणि यातलं काहीच जमत नसेल तर मग खणा, पण मग नीट खणा.

नीट म्हणजे काय, तर आता तुमच्या पोकलेनच्या प्रश्नाकडे येते. वरची नांगरलेली माती शेकडो वेळा उलथीपालथी झालेली असते, तिच्यातली खापरं आपल्या जागेवर नसतात. ती माती मशीनने काढायला हरकत नाही, उलट हाताने काढली तर वर्ष जाईल. (काही काळांच्या जागांना, म्हणजे जिथे नुसती दगडी हत्यारं वरच्या मातीत विखुरलेली असतात तिथे, आधी ती वेचून, चाळून मगच मशीन लावतात.) पण हे मशीन रस्त्याच्या कामासारखं चालवत नाहीत. बकेटला दात नसतात, सपाट पात्याचं बकेट लावायचं, एका वेळी पाच-दहा सेंटिमीटर खरवडायचं, आणि मशीन न काढलेल्या मातीवर उभं राहून मागे मागे सरकत जातं म्हणजे उघडलेल्या जागेवर चाक किंवा चेन जात नाही. आमच्यातलं एक माणूस बकेटच्या पात्याकडे बघत उभं असतं, हाताने खूण करतं, थांब, अजून दोन सेंटिमीटर, बस. चांगला ऑपरेटर मिळाला तर ते भाग्य असतं. मला एक ऑपरेटर मिळाले होते, चौथ्या दिवसापासून ते आमच्या आधी थांबायला लागले, कारण पात्याखाली माती वेगळी लागतेय हे त्यांना लिव्हरवरच्या हाताला कळायचं. त्यांनी दाखवलेल्या जागांपैकी एक भट्टी होती, ती मला नुसत्या डोळ्यांनी दिसली नव्हती.

नांगराच्या खालची मूळ माती लागली की मशीन थांबतं. आता त्या पिवळट किंवा तांबड्या मातीवर डाग दिसतात, काळे, करडे, राखाडी. हेच आमचं सगळं काम आहे. कधीतरी कुणीतरी खड्डा खणला, खांब रोवला, चर काढला, आणि नंतर तो वेगळ्या मातीने भरला, त्या भरावाचा रंग वेगळा राहिला. हे रंग उघडल्यानंतर पहिला अर्धा-एक तास छान दिसतात, मग ऊन लागलं की माती वाळते आणि सगळं एकसारखं फिकट होतं. म्हणून आम्ही लगेच खिळे ठोकून कडा आखतो, फवारणीच्या पंपाने पाणी मारत फिरतो, आणि ढगाळ सकाळ मिळाली तर खुश होतो. तुम्हाला कदाचित वाटलं असेल की हे लोक रिकाम्या जमिनीला पाणी का घालतायत.

आता तो काळा डाग, ज्याच्यापाशी दोघं अर्धा दिवस बसले होते. समजा तो पस्तीस सेंटिमीटरचा गोल आहे. त्याच्या मधोमध दोरी बांधायची आणि फक्त अर्धा गोल खणायचा. दुसरा अर्धा तसाच ठेवायचा, म्हणजे मधे उभा काप मिळतो. त्या कापात बघायचं: मधे गडद, मऊ मातीचा उभा पट्टा दिसतोय का, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फिकी, घट्ट ठोकलेली माती आणि पाचरीसारखे लावलेले दगड? तसं असेल तर मधला गडद पट्टा म्हणजे लाकडी खांब, तो जागेवरच कुजला आणि त्याची माती झाली. पट्ट्याची रुंदी म्हणजे खांबाची जाडी. कोळसा असेल तर तो जळला. पट्टा वरच्या बाजूला फनेलसारखा रुंद होत असेल तर खांब हलवून हलवून उपटून काढलाय, म्हणजे घर सोडताना लाकूड बरोबर नेलं किंवा दुसरीकडे वापरलं. मग त्या कापाचा फोटो, 1:10 मोजमापाचं ड्रॉइंग, लेव्हल, नंबर, मातीचं वर्णन, आणि हे सगळं झाल्यावर उरलेला अर्धा भाग सॅम्पलच्या पिशवीत. तुमच्या पोकलेनला हा खळगा काढायला चार सेकंद लागतील आणि त्यातून यातलं काहीही कळणार नाही.

एक खळगा काहीच सांगत नाही हे मान्य. पण वीस खळगे एका रेषेत आले की घर होतं. आयर्लंडमध्येच 2007 साली एम3 मोटरवेच्या आधीच्या कामात, तारा टेकडीजवळ लिस्मुलिन इथे लोहयुगातलं सुमारे 80 मीटर व्यासाचं खांबांचं मोठं वर्तुळ सापडलं, आत आणखी एक छोटं वर्तुळ. भिंत नाही, दगड नाही, जे काही होतं ते असेच छोटे छोटे खळगे, एकापुढे एक. कुणीतरी पहिल्या दहा डागांपाशी कंटाळा केला असता तर ते वर्तुळ जगाला कधी कळलं नसतं. त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, त्यावरून देशात मोठा वाद झाला, आणि तरी शेवटी ते खणून, नोंदवून रस्ता तिथूनच नेला गेला. मला विचाराल तर तिथे रस्ता सरकायला हवा होता, पण तोपर्यंत सगळं इतकं पुढे गेलं होतं की सरकवण्याची वेळ निघून गेली होती.

वेळेचं गणित आता तुम्हीच मांडून बघा. एका खळग्याला दोन माणसांना अर्धा दिवस धरा. तुमच्या तुकड्यात 300 खळगे निघाले आणि पाच जोड्या आहेत, तर नुसत्या खळग्यांचे 30 कामाचे दिवस झाले. त्यात चर आलेच, ते आम्ही पूर्ण खणत नाही, लांबीच्या साधारण 10 ते 20 टक्के तुकडे घेतो, साठवणीचे खड्डे बहुतेक अर्धे खणतो, पण घराचे अवशेष, भट्ट्या आणि दफनं पूर्ण. एखादं दफन निघालं तर त्याला दोन-तीन दिवस सहज जातात, आणि जायलाच हवेत, ते कुणाचं तरी माणूस आहे, तिथे मी कधीही घाई करू देत नाही. मधे पाऊस आला की दोन दिवस पाणी उपसण्यात. दीड मीटरच्या खाली गेलो की बाजू पायऱ्यापायऱ्यांनी मागे घ्याव्या लागतात, नाहीतर माती अंगावर येते. सहाचे सोळा आठवडे असे होतात, आळसामुळे नाही.

हे जास्त माणसं लावून कमी करता येतं का? काही प्रमाणात हो. इंग्लंडमध्ये केंब्रिज ते हंटिंगडन ए14 रस्त्याच्या कामात, साधारण 34 किलोमीटरच्या पट्ट्यावर, 2016 ते 2018 मधे एका वेळी 250 पर्यंत पुरातत्त्वज्ञ काम करत होते. पण अनुभवी माणसं अशी हाक मारली की मिळत नाहीत, आणि एका छोट्या तुकड्यात ठराविक माणसांच्या पुढे गर्दी केली तर ती एकमेकांच्या ड्रॉइंगवर उभी राहतात. शिवाय क्रम असतो. वरचा खड्डा खालच्या खड्ड्याला कापून गेलेला असेल तर वरचा आधी, खालचा नंतर, दोन्ही एकदम होत नाहीत. या क्रमाची आकृती काढायची पद्धत 1973 मध्ये एडवर्ड हॅरिस यांनी बसवली, तुमच्या प्रोजेक्ट प्लॅनिंगच्या चार्टसारखीच दिसते ती, चौकोन आणि रेषा, फक्त काळ उलटा वाचायचा. साईटवर मागून घ्या आणि बघा, इंजिनियरला ती आमच्यापेक्षा लवकर कळते असा माझा अनुभव आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, उपयोग काय. सोनंनाणं मिळालं नाही म्हणजे काही मिळालं नाही असं तुम्ही लिहिलंय त्यावर मला मनापासून बोलायचंय. त्याच ए14 वर रोमन सम्राट लेलियानस याचं नाणं सापडलं, तो इ.स. 269 मध्ये जेमतेम दोनेक महिने गादीवर होता, त्यामुळे नाणं दुर्मीळ, बातम्या त्याच्या झाल्या. पण मला त्याच कामातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मातीच्या सॅम्पलमधून निघालेले जळक्या धान्याचे बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर लक्षात आलं की ते धान्य आंबवून उकळलेलं आहे, म्हणजे बिअर, आणि तीही इ.स.पू. 400 च्या आसपासची, ब्रिटनमधला तोपर्यंतचा सगळ्यात जुना पुरावा. हे कुणाच्या हाताला ट्रॉवेल मारताना लागलेलं नाही. मातीच्या पिशव्या भरल्या, लेबल लावलं, पाण्यात सोडल्या, वर तरंगलेलं गाळून सुकवलं आणि कुणीतरी ते निवडत बसलं. तुम्ही बघताय त्या पिशव्यांचं हेच होणार असतं. त्यातला एक जळका दाणा रेडिओकार्बनला, म्हणजे त्याचं वय मोजणाऱ्या चाचणीला, पाठवला की त्या घराचा काळ मिळतो. दाणाच का, तर तो एका वर्षाचा असतो, जाड लाकडाचा कोळसा घेतला तर झाडाच्या गाभ्याचं वय शे-दोनशे वर्षांनी जुनं यायचा धोका असतो.

आणि रस्त्याच्या उत्खननाची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. विद्यापीठाचं उत्खनन असतं तेव्हा आपण जागा निवडतो, आणि निवडतो ती मोठी, नावाजलेली, टेकाड असलेली, जुन्या ग्रंथात उल्लेख असलेली. रस्ता असं काही निवडत नाही. तो सरळ जातो, माळावरून, ओढ्यावरून, जिथे काही नसेल असं सगळ्यांना वाटत होतं तिथून. त्यामुळे आम्हाला साध्या माणसांची घरं सापडतात, दोन घरांची वस्ती, शेताचा बांध, गुरांचा गोठा, एकटी भट्टी. अशा जागांसाठी एरवी कुणी पैसे दिले नसते. मधे रिकामे पट्टेही येतात आणि तेसुद्धा माहिती असते, इथे कुणी राहत नव्हतं, का नव्हतं. याची दुसरी बाजू अशी की आम्हाला वस्तीचा फक्त तेवढाच काप मिळतो, अर्धं घर तुमच्या कुंपणाच्या आत आणि अर्धं बाहेर. मन फार ओढतं बाहेर जायला, पण जायचं नाही, बाहेरचं धोक्यात नाहीये, ते पुढच्या कुणासाठी तरी राहू दे.

रस्ता त्यावरूनच जाणार तर मग खणायचं कशाला याचं उत्तर त्यामुळे असं: रस्ता गेल्यावर तिथे काही उरणार नाही आणि खरं तर खणून झाल्यावरसुद्धा काही उरत नाही. उत्खनन म्हणजे आपल्या हाताने जागा संपवणं. फरक एवढाच की एका प्रकारात कागदावर, फोटोत, पिशव्यांत ती उरते आणि दुसऱ्यात काहीही उरत नाही. म्हणून ते दोघं अर्धा दिवस बसले होते, कारण तो खळगा दुसऱ्यांदा कुणालाच खणता येणार नव्हता.

काही ठिकाणी न खणता वर भराव घालून जागा झाकायचाही पर्याय असतो, जिओटेक्स्टाइल (जमिनीवर अंथरायचं मजबूत कापड), वाळू आणि मग भराव. तुमच्या डिझाइनमध्ये तिथे उंची असेल तर हे नक्की विचारा. पण ते फुकट नाही, व्हायब्रेटरी रोलरचा दाब खाली जातो, पाण्याचा निचरा बदलतो, आणि ओल्या जागेत टिकून राहिलेलं लाकूड पाणी उतरलं की काही वर्षांत संपतं. तिथे रोलर व्हायब्रेशन बंद ठेवून चालवता येईल का हे तुमच्याच हातात असतं, आमच्या नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. खर्च प्रकल्पाने उचलायचा आणि नियोजनातच पुरातत्त्व धरायचं ही पद्धत युरोपात पुरातत्त्वाच्या वारशाच्या रक्षणासाठीच्या 1992 च्या व्हॅलेटा करारानंतर रुळली, फ्रान्सने 2001 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, अमेरिकेत सरकारी पैशाच्या प्रकल्पांना 1966 पासून आधी तपासणी करावी लागते. जागतिक बँकेच्या पैशाने रस्ता होत असेल तर अचानक काही सापडलं तर काय करायचं याची लेखी पद्धत आधीच तयार लागते. पण बऱ्याच ठिकाणी कायदा जाहीर झालेल्या स्मारकांभोवतीच फिरतो, भारतातसुद्धा 100 मीटरची बंदी आणि पुढच्या 200 मीटरचं नियंत्रण हे संरक्षित स्मारकाला आहे, शेतात दडलेल्या अनोळखी वस्तीला नाही. तिथे सगळा भार चाचणी चर कुणी वेळेत घेतले का यावरच येतो.

तर तुम्ही आत्ता काय करू शकता. पहिलं म्हणजे टीमच्या प्रमुखांना तारीख विचारू नका, नकाशा मागा. कुठला तुकडा संपलाय, कुठला रिकामा निघालाय, कुठे दाट आहे. अडवलेला सगळा पट्टा कधीच सारखा दाट नसतो. रिकामा निघालेला भाग सही करून आठवड्या-आठवड्याला ताब्यात घ्या, चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहून. मी अशी हॅंडओव्हर नेहमी करते आणि बहुतेक कामांत पहिल्या महिन्यातच बरीचशी लांबी मोकळी होते, दाट जागा एक-दोनच उरतात. अट एकच, मोकळ्या तुकड्यात जायचा रस्ता दाट तुकड्यावरून नको.

ही अट मी का घालते ते सांगते. एका कामावर आम्ही चुली आणि घराची जमीन असलेला भाग दोरी बांधून ठेवला होता. रात्री पाऊस झाला, सकाळी आम्ही पोचायच्या आत डंपर तिथून गेले कारण बाजूचा रस्ता चिखलात रुतत होता. कुणी मुद्दाम केलं नाही, ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नव्हतं. चाकांच्या चाऱ्या गुडघ्याएवढ्या, आणि त्यात घराची जमीन भाजीसारखी कालवली गेली. मी त्या चाकोरीत उभी राहून रडलेय. दोरी पुरत नाही, पक्कं कुंपण लागतं, आणि ड्रायव्हरांना सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच्या छोट्या सूचना-बैठकीत, नकाशा दाखवून सांगावं लागतं.

दुसरं, तुमचा रस्ता म्हणजे नुसता रस्ता नाही. भरावाची माती कुठून आणताय, कॅम्प कुठे बसलाय, मशीनं कुठे उभी करताय, डायव्हर्जन, गटारं, वळवलेल्या पाइपलाइन, या सगळ्यांखालीही जमीन आहे. मुख्य पट्टा तपासलेला असतो आणि बरो पिट (भरावाची माती काढायचा खड्डा) कुणी बघितलेलाच नसतो, अशा पिटमध्ये मी अर्धं गेलेलं दफनस्थान बघितलंय. पुढचा पिट निवडायच्या आधी टीममधल्या एकाला दोन तास चालत फिरवून आणा, जमिनीवर खापरं पडलीयेत का एवढं बघायलासुद्धा दोन तास पुरतात.

तिसरं, काढलेली माती न खणलेल्या भागावर टाकू देऊ नका. हे सगळ्यात जास्त वेळा होतं आणि मग तो ढीग दोनदा हलवावा लागतो, तुमच्याच डिझेलवर.

आणि पावसाचं बघा. तुमच्याकडे पंप आहेत, आमच्या टीमकडे बहुधा एक असतो. दाट तुकड्याच्या वरच्या बाजूने एक चर काढून पाणी वळवून दिलंत, तोही त्यांना विचारून आणि त्यांच्या नजरेखाली, तर चार महिन्यांतले दोन-तीन आठवडे तिथेच वाचतील. त्यांना उद्या सकाळी हेच विचारा, पाणी कुठून येतंय. मग त्या खळग्यांच्या कापाचं ड्रॉइंगही दाखवायला सांगा, ते आनंदाने दाखवतील.